ऑरोरासाठी अबिस्को, ट्रॉम्सो नाही

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ऑरोरा, ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला २०२७च्या मार्चमध्ये आम्ही जातोय, आई आणि मी. मुक्काम स्वीडनच्या पार उत्तरेला, अबिस्कोत. ज्याला सांगावं तो विचारतो, "नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला का नाही जात?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

विषय काढला आईनेच. मे २०२४मध्ये मोठं सौरवादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी याच प्रकाशाने तांबडं झालेलं आकाश टिपलं. ते फोटो बघून ती म्हणाली, "मग लडाखलाच जाऊ की गं, जवळ पडेल." पण एवढं जोरदार वादळ २००३नंतर थेट तेव्हाच आलं होतं. त्याच्या भरवशावर तिकीट काढता येत नाही. ध्रुवाभोवती या प्रकाशाचं एक कडं असतं, अबिस्को बरोबर त्याच्याखाली येतं. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले इलेक्ट्रॉन तिथे खाली उतरतात, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात आणि हिरवा उजेड पडतो. त्यासाठी वादळ लागत नाही, केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा शून्य ते नऊचा आकडा) एक-दोन असला तरी काहीतरी दिसतं. म्हणजे प्रकाशाची चिंता कमीच. खरी चिंता ढगांची.

हे उमगलं आणि माझा सगळा बेत फिरला. ट्रॉम्सो समुद्राकाठी आहे. अटलांटिकवरून येणारा ओला वारा नॉर्वेच्या डोंगरांना थडकतो आणि तिकडेच रिकामा होतो. डोंगरांच्या अलीकडे, पूर्वेला, अबिस्को. आम्ही दहिवडीकडचे, आम्हाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही आला तर. अबिस्को म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्याचं माणदेश. वर्षभरात बर्फ धरून जेमतेम तीनशे मिलिमीटर. शेजारी टॉर्नेट्रॅस्क नावाचं सत्तर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. त्याच्यावरचं आकाश आजूबाजूला ढग असले तरी पुष्कळदा मोकळं राहतं, तिथले लोक त्याला निळं भोक म्हणतात. पर्जन्यछायेने आमच्या घरात विहिरी आटवल्या, वडिलांना शेत सोडून नोकरी धरायला लावली. तीच पर्जन्यछाया नकाशावर शोधत बसायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ नकाशा बघत राहिली आणि मग म्हणाली, "तिथे जनावरं काय खात असतील?" रेनडिअर बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात, हे वाचून दाखवलं तेव्हा तिचं समाधान झालं.

ट्रॉम्सो वाईट आहे असं नाही. मोठं गाव आहे, विमानं भरपूर, दिवसा करायला पुष्कळ काही. ढग असले की तिथले गाइड लोकांना व्हॅनमध्ये घालून मोकळं आकाश शोधत आत, कधी कधी पार फिनलंडपर्यंत नेतात. तरण्या माणसांनी जरूर जावं. आईच्या गुडघ्यांना तेवढा वेळ व्हॅनमध्ये बसवत नाही. अबिस्कोत खोलीतून निघालं की काही मिनिटांत अंधारात.

तारखांचं म्हणाल तर विषुवदिनाच्या आसपास, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची हालचाल वाढते. शिवाय मार्चमध्ये दिवस मोठा असतो, बर्फ उजेडात बघता येतो. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, आईला ते सोसलं नसतं. २०२७ला महाशिवरात्र ६ मार्चला आहे आणि ८ला अमावास्या. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिथे असू, चंद्रकोर लवकर मावळेल. रात्री नऊ ते एक जागायचं, दुपारी झोपायचं. सगळे मुक्काम एकाच ठिकाणी ठेवलेत. तीन शहरं करून प्रत्येक ठिकाणी एक रात्र, अशी पॅकेजेस मला मुळीच पटत नाहीत, कारण ढग आपल्या बुकिंगप्रमाणे हलत नाहीत. सौरचक्राचा, म्हणजे सूर्याच्या जोराच्या साधारण अकरा वर्षांच्या चढउताराचा, उच्चांक २०२४मध्ये येऊन गेला म्हणून आता उपयोग नाही, असंही बरेच जण सांगतात. उतरत्या काळातही सूर्यावरच्या किरीट-विवरांमधून, म्हणजे त्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ जागांमधून, विद्युतभारित कणांचा वेगवान वारा येत राहतो, आणि प्रकाशाच्या त्या कड्याखाली राहणाऱ्याला तेवढा पुरतो.

नुओल्या डोंगरावर नऊशे मीटरवर ऑरोरा स्काय स्टेशन हे ऑरोरा बघायचं ठिकाण आहे, पण तिथे रोपवेच्या उघड्या खुर्चीतून वर जावं लागतं. ते आम्ही सोडलं. सरोवराच्या काठावरूनही तेच आकाश दिसतं.

स्टॉकहोमहून रात्रीच्या रेल्वेने जायचं. आईला रेल्वे आवडते, आणि ही गाडी थेट अबिस्कोला थांबते. कपड्यांवर मात्र बरीच चर्चा झाली. आई आयुष्यभर साडीत वावरलेली. उणे पंधराला आत लोकरीचे थर, वर वारा अडवणारा सूट आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे, याला इलाज नाही. वरचा सूट तिथे भाड्याने मिळतो. आतले कपडे आणलेत आणि ती ते घालून घरात फिरून बघते. सुती काहीही अंगाशी नको, घाम धरून ठेवतं. खाण्याच्या सामानातून तूप आणि पेढे वगळले, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी चालते.

आईला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे. फोटोत दिसतो तसा हिरवागार रंग डोळ्यांना दर वेळी दिसत नाही. प्रकाश मंद असला तर राखाडी, ढगासारखा पट्टा दिसतो आणि कॅमेऱ्यात तोच हिरवा येतो. जोर धरला की मात्र डोळ्यांनाही हिरवा दिसतो आणि हलतो. "हलतो ना? मग झालं," म्हणाली.

आता व्हिसा राहिलाय. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईचा पासपोर्ट येऊन पडलाय. गणपती झाले की अर्ज भरायचा.