दुसऱ्याने बांधलेली बॉडी घ्यावी, की आपली बांधावी?

नागपुरात वाडीला किंवा कापसीच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या रांगेत एक तरी ट्रक असा असतोच, की गिऱ्हाइकाची नजर आधी त्याच्यावर जाते. ताजा रंग, फाळक्यावर नक्षी, केबिनमध्ये एसी, मागे लांबवलेला हौदा. दलाल म्हणतो, "भाऊ, एवढी बॉडी आज बांधायला गेलात तर..." आणि पुढचा आकडा ऐकून माणूस अर्धा तयार होतो. दलाल खोटं बोलत नसतो. बॉडीवर घातलेला पैसा विकताना पुरता वसूल होत नाही, म्हणजे घेणाऱ्याला ते काम खरंच स्वस्तात पडतं. पण नेमकं काय स्वस्तात पडलं, हे आरसी आणि मोजपट्टी सोबत घेऊन गेल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात आरसीपासूनच करावी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेली आणि आरसीवर चढलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-अ आलं. नियमाबाहेरचा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातले दोन शब्द नीट वाचा. 'दर फेरफारामागे' आणि 'मालक'. काम आधीच्या मालकाने केलं होतं, हे बोरखेडीच्या टोलनाक्यापुढे अडवलेल्या गाडीजवळ उभं राहून सांगण्यात काही अर्थ नसतो. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी आणि गाडी जुळवून बघतो.

म्हणून गाडीही तशीच जुळवायची. सहाचाकी ट्रक असेल तर पुढच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या हबच्या मध्यापर्यंत टेप धरा. आरसीवरचा व्हीलबेस मिलिमीटरमध्ये असतो. दहावीस मिलिमीटर मोजण्यात इकडेतिकडे होतात, शंभर-दीडशे होत नाहीत. एवढा फरक निघाला तर चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कापून लांबवलेली आहे. मग प्रोपेलर शाफ्टला नंतर बसवलेलं सेंटर बेअरिंग, एअर पाइपला मध्येच घातलेले जॉइंट, वायरिंगला टेप गुंडाळलेला जोड, असा पुरावा खाली वाकलं की दिसतो. असा ट्रक कितीही स्वस्त असो, घेऊ नये. बाकी बऱ्याच गोष्टी सुधारता येतात, ही येत नाही.

दुसरं माप मागच्या एक्सलच्या मध्यापासून बॉडीच्या शेवटच्या टोकापर्यंत. हा ओव्हरहँग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांच्या आत लागतो. व्हीलबेस 4,200 मिलिमीटर असेल तर मर्यादा 2,520. हौदा दोन फूट वाढवून घेणारा हेच विसरतो. एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचा एक्सल हलका होतो, आणि भरल्या गाडीचं स्टेअरिंग सत्याग्रही घाटाच्या वळणावर हातात तरंगायला लागतं.

मग वजनकाटा. ट्रक रिकामा करून, ताडपत्री, दोर, स्टेपनी, जॅक जागेवर ठेवून तोला. ड्रायव्हर खाली उतरू द्या आणि टाकीत डिझेल किती आहे ते लिहून ठेवा, कारण 300 लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. समजा आरसीवर अनलेडन, म्हणजे रिकामं वजन, 6,600 किलो आहे आणि काटा 7,100 दाखवतो. एकूण वजनाची मर्यादा 18,500 असेल तर कागदावर 11,900 किलो माल बसतो, प्रत्यक्षात 11,400. महिन्याला वीस खेपा धरल्या तर दहा टन मालाचं भाडं दर महिन्याला त्या देखण्या बॉडीला गेलं. ते भरून काढायला माल जास्त घातला तर ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

आता चेसिस. इथे घाई करायची नाही. केरोसीनने भिजवलेलं फडकं आणि टॉर्च घेऊन दोन्ही लाँग मेंबर (चेसिसच्या लांब तुळया) पुढून मागे पुसत जा. तडा जातो त्या जागा ठरलेल्या असतात: मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगर ब्रॅकेटजवळ, जादा पट्टी मारलेली असेल तर ती जिथे संपते तिथे, आणि फ्लँजला (तुळईच्या आडव्या कडेला) कोणी भोक पाडलं असेल तिथे. चेसिसच्या वरच्या-खालच्या फ्लँजला ड्रिल किंवा वेल्डिंग करायचं नसतं, कारण ताण सगळा तिथेच असतो. तरीही सबफ्रेम (बॉडीखालची, चेसिसवर बसणारी चौकट) तिथेच वेल्ड करून टाकणारे मिस्त्री आहेत. काम तासाभरात होतं, तडा दीड-दोन वर्षांनी जातो, तोवर गाडी विकलेली असते. रिव्हेटच्या डोक्याखाली गंजाचा तांबडा ओघळ असेल तर तो रिव्हेट ढिला आहे. सगळी चेसिस मळकी आणि मधलाच एक हातभर भाग काळा चकचकीत असेल, तर त्या रंगाखाली काय आहे हे विक्रेत्याला खरवडून दाखवायला सांगा.

चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर घासून घ्या. छाप स्वच्छ उठली पाहिजे. नंबरावर पट्टी किंवा वेल्डिंगचा थर आला असेल तर ट्रान्सफर आरटीओतच अडेल.

पाटे मोजा, दोन्ही बाजूंना सारखे आहेत का. जादा पाटा घालणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की ते लपवतही नाहीत, उलट 'मजबूत केली' म्हणून सांगतात. पाटा वाढल्याने गाडी बसत नाही एवढंच. एक्सलचं हाउसिंग, ब्रेक ड्रम आणि टायर जुन्याच वजनाचे राहतात. कोळशाच्या किंवा गिट्टीच्या धंद्यातून आलेली गाडी असेल तर हे आधी बघा. उमरेड-सावनेर भागातल्या खाणींवर राबलेल्या ट्रकचं किलोमीटर कमी असतं म्हणून हुरळून जाऊ नये, ते किलोमीटर कच्च्या रस्त्याचे असतात.

विजेकडे फारसं कोणी बघत नाही, आणि मे महिन्यात गाड्या पेटतात त्या बऱ्याचदा तिथूनच. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या मालिकेत. टेप, पंखा, मोबाइल चार्जर यांना 12 लागतात. कनव्हर्टरचे पैसे वाचवायला एकाच बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि दोन्ही एका उन्हाळ्यात जातात. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळा मल्टिमीटर लावा. पाव व्होल्टाहून जास्त फरक असेल तर सीटखालची वायर शोधा, सापडेल. जादा दिव्यांना रिले आणि फ्यूज आहे का तेही बघा. नुसत्या स्विचवरून ओढलेले दिवे काढूनच टाकावेत.

बाहेरून बसवलेल्या एसीची परीक्षा दुपारी बारानंतर घ्यावी. त्याचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरपुढे उभा असतो. एसी चालू ठेवून अर्धा तास गाडी उभी चालू द्या आणि तापमानाच्या काट्याकडे बघा. सकाळी आठ वाजता सगळेच एसी चांगले असतात. (3.5 टनांवरच्या ट्रकना 1 ऑक्टोबर 2025 पासून कंपनीतूनच एसी केबिन सक्तीची आहे, तेव्हा नव्या गाडीत हा प्रश्न उरलेला नाही.)

बीएस-6 गाडी असेल तर धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाचा, ड्रायव्हर ज्याला यूरिया म्हणतात त्याचा, खर्च विचारा. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर जायला हवा. "आमची गाडी यूरिया मागतच नाही" असं कौतुकाने सांगितलं तर यंत्रणा बायपास केलेली आहे. ती पूर्ववत करायचा खर्च बॉडीत वाचलेल्या पैशाला सहज गिळतो.

एवढ्यातून पार झालेली गाडी मिळाली, आणि तिचा हौदा तुमच्याच मालासाठी बांधलेला असला, तर घ्या. आपली बांधण्याच्या भानगडीत पडू नका. 'तुमच्याच मालासाठी' हे महत्त्वाचं. 22 फुटी हौद्याचा पत्रा साडेसात फूट रुंदीने साधारण 15.3 चौरस मीटर होतो. पोलादी पत्रा दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे 7.85 किलो भरतो. कोळशासाठी घातलेला 5 मिलिमीटरचा पत्रा 3 मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा 240 किलो जड पडतो. संत्र्याची क्रेट वाहणाऱ्याला हे ओझं कशाला? त्याला वरपर्यंत हवा खेळणारी जाळीची उंच बॉडी लागते. कळमना बाजारातल्या धान्यवाल्याला उलट फटी नसलेला तळ लागतो.

जुळणारी गाडी मिळत नसेल तर नवी चेसिस (कंपनीतून बॉडीशिवाय येणारी गाडी) हा एकच पर्याय आहे असं नाही. आमचं मत विचाराल तर चार-पाच वर्षांची, कंपनीच्या मापाची, कोणी हात न लावलेली गाडी शोधावी, हौदा फाटका असला तरी चालेल. फाटक्या हौद्यामुळे भाव पडतो आणि चेसिस उघडी दिसते. त्यावर त्याच प्रकारची, त्याच मापाची बॉडी नव्याने बांधता येते. प्रकारच बदलायचा असेल, समजा उघड्याची बंद, तर आधी आरटीओची परवानगी, कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती, आणि काम झाल्यावर 14 दिवसांत नोंद. क्रम उलटा केला तर तुमचाच ट्रक तसा झाला, जो कोणी घेऊ नये म्हणून वर सांगितलं. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी हातात आल्याशिवाय बॉडीला हात लावू नका.

नव्या चेसिसचं गणित सोपं आहे, फक्त बॉडी होईपर्यंतचा महिनाभराचा हप्ता त्यात धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून जुन्या-नव्यातलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही. बॉडी बिल्डर एआयएस-093 (ट्रकच्या बॉडीचं मानक) प्रमाणे मान्यता असलेलाच बघा. त्याच्याकडून फॉर्म 22-अ मिळाला नाही तर पासिंग होणार नाही. विमा काढताना चेसिस आणि बॉडी दोन्हींची बिलं जोडा, नाहीतर नुकसानभरपाई नुसत्या चेसिसची मिळेल.

बांधकाम चालू असताना दोनदा तरी जाऊन उभं राहा. पहिल्यांदा सबफ्रेम बसते तेव्हा: सबफ्रेम आणि चेसिसमध्ये रबराची किंवा कठीण लाकडाची पट्टी हवी, आणि पकड यू-बोल्टची हवी, वेल्डिंगची नको. दुसऱ्यांदा वेल्डिंग सुरू होताना: बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढलेले हवेत, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग सोडलेला हवा, आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या शेजारी लावलेला हवा. चिमटा लांब बंपरला लावला तर करंट बेअरिंग आणि सेन्सरमधून जातो. मागचा अंडररन गार्ड (मागून धडकलेली गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) जमिनीपासून 550 मिलिमीटरच्या वर नको. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

गाडी पहिली भरलेली खेप करून आली की, साधारण 500 किलोमीटरनंतर, बॉडीचे आणि पाट्यांचे सगळे यू-बोल्ट पुन्हा कसायचे. बॉडीचे बोल्ट या वेळी हमखास अर्धा-एक आटा फिरतात, कारण पट्टी दबलेली असते. एखादा त्याहून जास्त फिरला तर तिथल्या पट्टीची जाडी बघा.