खोडलेल्या फाइलचा एक बाइट

फाइल खोडली म्हणजे डिस्कवरचा मजकूर पुसला गेला, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या सीपी/एम या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची एक डिस्क एमुलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, उघडून तिच्यातले बाइट वाचत बसलो, तेव्हा ती समजूत गेली.

त्या काळच्या आठ इंची फ्लॉपीवर ७७ ट्रॅक (गोल पट्टे), दर ट्रॅकला २६ सेक्टर (त्या पट्ट्याचे तुकडे) आणि दर सेक्टरला १२८ बाइट असत. प्रणालीचे दोन ट्रॅक वगळून उरलेल्या जागेचे एकेक किलोबाइटचे २४३ ब्लॉक पाडलेले असत, आणि त्यांतले पहिले दोन डिरेक्टरीसाठी, म्हणजे फाइलींच्या यादीसाठी, राखलेले असत. डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटची असे: पहिल्या बाइटमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक, त्यापुढे फाइलचे नाव आणि शेवटच्या सोळा बाइटमध्ये मजकूर ज्या ब्लॉकमध्ये आहे त्यांचे क्रमांक. ‘ईआरए’ ही फाइल खोडण्याची आज्ञा दिली की प्रणाली त्या पहिल्या बाइटच्या जागी हेक्स म्हणजे सोळा-आधारी अंकपद्धतीतला ‘ई५’ लिही आणि बाकी कशालाही हात लावत नसे. सोळा किलोबाइटपेक्षा मोठ्या फाइलला एकाहून अधिक नोंदी लागत, म्हणून तिथे हीच खूण तितक्या वेळा करावी लागे.

मग जागा मोकळी कशी होत असे? मला या रचनेतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. मोकळ्या ब्लॉकचा नकाशा डिस्कवर ठेवलेलाच नसे. डिस्क वापरात घेताना प्रणाली सगळी डिरेक्टरी वाचून, ‘ई५’ची खूण असलेल्या नोंदी वगळून, तो मेमरीत नव्याने मांडत असे, त्यामुळे डिस्कवरचा नकाशा आणि डिरेक्टरी यांच्यात तफावत पडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र फ्लॉपी बदलून, डिस्क नव्याने वाचायला लावणारे कंट्रोल-सी दाबायचे राहिले, तर मेमरीत आधीच्या फ्लॉपीचाच नकाशा राही आणि हा बदल लक्षात आला की प्रणाली नव्या फ्लॉपीवर लिहायला साफ नकार देई.

‘ई५’ हे मूल्यही उगाच निवडलेले नव्हते. नव्याने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीचे सेक्टर याच बाइटने भरलेले असत, म्हणजे कोरी डिरेक्टरी आणि पूर्ण खोडलेली डिरेक्टरी प्रणालीच्या लेखी एकच! सीपी/एममध्ये एका फाइलचे ब्लॉक विखुरलेले चालत; डेक या संगणक कंपनीच्या आरटी-११ या प्रणालीत मात्र प्रत्येक फाइल सलग जागेतच ठेवावी लागे, म्हणून खोडाखोडीने पडलेल्या फटी ‘स्क्वीझ’ आज्ञेने फाइली सरकवून एकत्र कराव्या लागत.

मी एमुलेटरवर दोन फाइली खोडल्या आणि मग एक लहानशी नवी फाइल लिहिली. ती डिरेक्टरीत पहिल्या फाइलच्या नोंदीच्या जागी बसली. दुसरीच्या नोंदीत ‘ई५’ पुसून शून्य लिहिले, आणि डिस्क पुन्हा वापरात घेताच ती फाइल नावासकट परत आली. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या प्रणालीने पुढे हीच खूण स्वीकारली, पण ती नावाच्या पहिल्या अक्षरावरच केली; त्यामुळे तिथे फाइल परत आणणाऱ्याला ते अक्षर स्वतः आठवून टंकावे लागे.