घातलेला टाका उसवला

नागपूरच्या महाल भागात माझं तबला-ढोलकी दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात सगळ्यांच्या पुड्या, म्हणजे वाद्यांवरची कातडी, ओल धरून एकदमच उतरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका दुपारी पीएचडी करणारी एक मुलगी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

उघडलं तर परातीएवढा एकतोंडी ढोल. डफासारखा, पण कडं चांगलं रुंद. मागे लाकडी मूठ, आडव्या लोखंडी सळईला खुळखुळे.

"दुंगुर आहे काका, सायबेरियातल्या तुवाचा. तिकडे जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. प्रवासात फाटला वाटतं. शिवून द्याल?"

ओलं फडकं टाकून कातडं मऊ करायला ठेवलं. तोवर ती सांगत होती: तिकडचा खाम, म्हणजे शमान, या ढोलालाच घोडा मानून आत्म्यांच्या मुलखात जातो. वाजवायची काठी, ओर्बा, हा त्याचा चाबूक. वाजवण्याआधी ढोल विस्तवावर शेकतात. घोड्याचं राहू द्या, शेकण्याचं मला तिथल्या तिथे पटलं. पावसाळ्यात मी दुसरं काय करतो?

पहिला टाका घातला. दुसऱ्यासाठी दाभण टेकवलं आणि हात थांबला. ताणाने फाटलेलं कातडं वेडंवाकडं जातं, कडेकडे धावतं. ही चीर मधोमध, सरळ, एका दमात मारलेली. कडा आतपर्यंत काळ्या. नवी असती तर आतून पांढुरकी दिसली असती.

"हे फाटलेलं नाही ना ताई. कोणीतरी कापलंय, तेही फार पूर्वी."

तिने फोटो काढून तिच्या गाईडना पाठवला. अर्ध्या तासाने फोन आला. ती ऐकत गेली आणि गप्प झाली. खाम गेला की त्याच्या ढोलाचं कातडं चिरतात आणि ढोल थडग्याजवळच्या झाडाला टांगतात. धन्याबरोबर ढोलही मेला. सोव्हिएत काळात असे कितीतरी ढोल जप्त झाले, जाळले गेले, संग्रहालयांत गेले. 1990च्या दशकात खाम पुन्हा उघडपणे वावरू लागले. हा झाडावरून आला की कुठल्या कपाटातून, कोण सांगणार?

मी टाका उसवला. माझ्या दाभणाची दोन भोकं मात्र राहिली.

"किती द्यायचे काका?"

"काही नको. कातडं वाळेपर्यंत बसा फक्त. ओलं गुंडाळलं तर बुरशी धरेल."