पेढे कशाचे?

साताऱ्याच्या मोती चौकात पाव किलो कंदी पेढे मागितले तर मुकाट्याने तोलून मिळतात. दोन किलो मागितले की काट्यावर खोकं ठेवायच्या आत प्रश्न येतो, "कशाचे?" पाव किलो घरी खायला नेतात. दोन किलो नेणाऱ्याच्या घरी काहीतरी घडलेलं असतं, हे गल्ल्यावरच्या माणसाला बरोबर कळतं. मग निकाल, बाळ, नोकरी, नवी गाडी यांतलं जे असेल ते सांगितलं जातं, आणि खोक्याला रबरबँड लागेपर्यंत आनंदाचं पहिलं निवेदन उरकलेलं असतं.

हा तीन अक्षरी प्रश्न मानसशास्त्राच्या दृष्टीने फार कामाचा आहे. चांगली बातमी दुसऱ्याला सांगून तिच्यातून आणखी आनंद काढणं, याला अभ्यासक 'कॅपिटलायझेशन' म्हणतात. शब्द भांडवलाचा आहे आणि तो चपखल बसतो: घडलेली गोष्ट हे मुद्दल, सांगणं हे व्याज. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी 2004 साली लोकांकडून रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. ज्या दिवशी चांगली गोष्ट कुणाला तरी सांगितली, त्या दिवशी मन जास्त प्रसन्न होतं; मूळ गोष्टीने जेवढं व्हावं त्याहूनही जास्त. पण व्याजाचा दर ठरवतो तो ऐकणारा.

समजा, शाहूपुरीतल्या एका अपार्टमेंटमधल्या पोरीचं बँकेत झालंय. खोकं घेऊन ती दारोदार निघते.

पहिल्या दारात काका आहेत. "वा वा, अभिनंदन! छान." पेढा तोंडात, नजर पुन्हा मोबाईलवर. यात वाईट काहीच नाही, पण पोरगी अर्ध्या मिनिटात पुढच्या दारात पोचते. तिथल्या वहिनी म्हणतात, "अगंबाई, आमचं गोड बंद केलंय डॉक्टरांनी," आणि विषय साखरेवर जातो तो तिथेच राहतो. बातमी उंबऱ्यावरच सांडते.

तिसरं दार आत्याचं, आणि घोटाळा खरा इथे आहे. "पोस्टिंग कुठं देणार? लांब टाकलं तर? आणि लग्नाचं कसं मग?" आत्याच्या पोटात माया आहे, यात शंका नाही. आपल्याकडे काळजी हीच मायेची पावती समजतात. शिवाय 'हुरळून जाऊ नये', 'नजर लागते' हे संस्कार आहेतच. गेबल यांच्या मांडणीत मात्र हा प्रतिसाद 'सक्रिय पण विघातक' या खान्यात पडतो. लक्ष पूर्ण दिलं, पण सगळं बातमीच्या खड्ड्यांवर. "आता पुढचं बघ" म्हणणारे वडीलही याच खान्यातले. पोस्टिंगचा प्रश्न खोटा नाही, तो फक्त चोवीस तास आधी आला.

चौथ्या दारात आजी विचारतात, "काय सांगतीस! कधी कळलं?" मग, "कुठं होतीस तेव्हा?" मग, "पहिलं कुणाला सांगितलंस?" पोरगी एव्हाना आत येऊन खुर्चीवर बसलेली असते. एसटी स्टँडवर उभी होती, नेट चालेना, साईट तीनदा बंद पडली, शेवटी मैत्रिणीच्या फोनवर नंबर दिसला, शेजारच्या अनोळखी बाईनेच आधी टाळी वाजवली, हे सगळं आता बाहेर येतं. आजींनी स्तुतीचा एक शब्दही उच्चारलेला नाही. त्यांनी फक्त तो क्षण तिच्याकडून पुन्हा घडवून घेतला. बारकाव्यांसकट सांगितलेली गोष्ट आठवणीत पक्की बसते, आणि ऐकणाऱ्याचे डोळे चमकले की सांगणाऱ्यालाही ती आधीपेक्षा मोठी वाटायला लागते.

तेव्हा पेढा हातात आला की हिशेब साधा ठेवावा: सल्ल्याच्या आधी तीन प्रश्न. एक त्या क्षणाबद्दल, एक माणसांबद्दल, एक मेहनतीबद्दल ("गणिताचा पेपर कसा सोडवलास?"). "पगार किती?" हा यात धरत नाहीत. आवाज चढवायची गरज नाही; अबोल माणसाने मोबाईल पालथा ठेवला आणि "मग?" म्हटलं तरी पुरतं. उलट ओढूनताणून आणलेला उत्साह पोराटोरांनाही ओळखू येतो. कंदी पेढ्याची इथे मदतच होते. खवा तपकिरी होईस्तोवर भाजलेला असल्यामुळे तो पांढऱ्या पेढ्यासारखा चटकन विरघळत नाही, चावावा लागतो. तेवढा वेळ तोंडाला सल्ला देता येत नाही.

व्हॉट्सॲप स्टेटसवर बातमी टाकली की शंभर अंगठे येतात, पण त्यात "कुठं होतीस?" एखादाच. एका फोनवर जे व्याज मिळतं ते तिथे मिळत नाही.

गेबल यांनीच 2006 मध्ये जोडप्यांना समोरासमोर बसवून बोलतं केलं, कधी चांगल्या गोष्टीवर, कधी अडचणीवर. नातं किती सुखाचं आहे हे जोडीदार अडचणीत कसा वागतो यापेक्षा चांगल्या बातमीवर कसा वागतो यावरून जास्त नीट कळलं. दुखण्याखुपण्याला धावून जाणारी माणसं आपल्याकडे चिक्कार आहेत. आनंदाला बसून राहणारी मोजावी लागतात.

आणि मोठ्या बातम्यांचा भरवसा तसाही थोडा. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी 1978 साली लॉटरी लागलेल्या 22 जणांची तुलना साध्या लोकांशी केली. विजेते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट नाश्ता, मित्राशी गप्पा असल्या रोजच्या गोष्टींत त्यांना मजा कमी वाटत होती. मोठ्या सुखाची सवय होते आणि जाता जाता ते लहान सुखांची चव घालवतं.

लहान सुखांचे पेढे कुणी वाटत नाही. एसटीत खिडकी मिळाली, अजिंक्यताऱ्याचा चढ आज न थांबता झाला, भाकरी टम्म फुगली, यासाठी दोन किलोचं खोकं येत नाही, म्हणून "कशाचे?" हा प्रश्नही येत नाही. तो आपणच काढावा लागतो. संध्याकाळी "आज काय केलंस?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही." "आज काय बरं झालं?" विचारलं तर निदान विचार करावा लागतो. रोज विचारलं तर हाही प्रश्न शिळा होतो. आठवड्यातून एक-दोनदा बेताचं. वयात आलेल्या पोरांना समोर बसवून विचारू नये, तपासणीसारखं वाटतं. स्कूटीवर मागे बसलेलं पोरगं पोवई नाका ओलांडेपर्यंत आपणहून बोलायला लागतं. हेल्मेटमधून निम्मं ऐकू येत नाही. तरी "मग?" म्हणावं.