हातोडीचा एकच घाव

हातोडीच्या एकाच घावात दगडाचे चार तुकडे झाले आणि शेजारच्या खड्ड्यात गुडघे टेकून बसलेले आजोबा हळहळून म्हणाले, "अहो, हा फोडायचा नसतो, करवतीने कापायचा असतो."

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या ओचोको डोंगरात दोन तास माती उकरल्यावर सापडलेले ते माझे पहिले थंडरएग (पोटात रंगीत खनिज दडलेला गोलसर दगड) होते. बाहेरून चिखल माखलेल्या बटाट्यासारखे ओबडधोबड. आत मात्र रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या तपकिरी कवचात जॅस्पर या तांबूस खनिजाचा तारा होता आणि तो माझ्या घावाने बरोबर मधोमध दुभंगला होता. १९६५ पासून हा या राज्याचा अधिकृत दगड आहे, एवढी माहिती (मिरवण्यापुरती) माझ्याजवळ होती.

आजोबांनी बादलीतला एक अखंड दगड माझ्या हातावर ठेवला. तो आता खिडकीत आहे. कापून घ्यावा, की तसाच राहू द्यावा?