टोकियोतील जुनी सौर घड्याळे : कपाटात चालणाऱ्या घड्याळावर विसंबू नका

टोकियोला जाऊन स्वस्तात जुनी सौर, म्हणजे उजेडावर चार्ज होणारी मनगटी घड्याळे घ्यायची, असा बेत करणाऱ्याला जो तो एकच पत्ता देतो, तो म्हणजे नाकानो ब्रॉडवे ही दुकानांची इमारत. आपल्यासारख्या मोजक्या पैशांच्या गिऱ्हाइकासाठी हा पत्ता कुचकामी आहे. शिंजुकूहून चुओ मार्गाच्या गाडीने नाकानो पाच मिनिटांत येते, स्थानकासमोरच्या सन मॉल या छपराखालच्या बाजारातून सरळ चालत गेले की १९६६ साली उघडलेली ती इमारत लागते, आणि आत शिरल्यावर घड्याळांच्या कपाटांत दिसतात ती मुख्यतः रोलेक्स, ओमेगा आणि ग्रँड सेइको. दहा-बारा हजार येनांत मिळणारे सौर घड्याळ तिथे कोपऱ्यात, तेही चढ्या भावाने मांडलेले असते. पाहायला जरूर जावे. खरेदीसाठी जाऊ नये.

हजार येन म्हणजे साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये धरले, तर बाजार ढोबळमानाने असा आहे : कॅसिओचे वेव्ह सेप्टर दोन ते पाच हजार येन, सेइको स्पिरिट पाच ते दहा हजार, टिटॅनियमचे जुने सिटिझन अटेसा आठ ते पंधरा हजार आणि कॅसिओ ओशिअनसची जुनी मॉडेल्स पंधरा हजारांपासून पुढे. हे भाव शहराच्या मध्यभागी मिळत नाहीत. त्यासाठी टोकियोला वळसा घालणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६ च्या कडेची, हार्ड ऑफ या दुकानसाखळीच्या धर्तीची मोठी जुन्या सामानाची दुकाने गाठावी लागतात, आणि नेमके हेच कोणी सांगत नाही.

मी शिंजुकूहून ओदाक्यू मार्गाने माचिदाला गेलो, तिथून योकोहामा मार्गाच्या गाडीने पुढच्याच कोबुची स्थानकावर उतरलो आणि महामार्गाच्या कडेने फुचिनोबे या त्यापुढच्या स्थानकाच्या दिशेने चालू लागलो. नकाशावर हे अंतर जेमतेम एका स्थानकाचे दिसते, पण दुकाने दोन्ही स्थानकांपासून सारखीच गैरसोयीची आहेत. ऑगस्टमधली दुपार होती. पारा पस्तिशीच्या वर, हवा रत्नागिरीच्या मे महिन्याला लाजवील इतकी दमट, आणि बाजूने मालमोटारींची न तुटणारी रांग. सावली नाही. दुकान समोर दिसते, पण रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलपर्यंत मागे जावे लागते किंवा पादचारी पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पलीकडे उतरल्यावर कळते की ते दुकान फक्त कपड्यांचे आहे. या पट्ट्याला मी पुन्हा उन्हाळ्यात पाय लावणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे, किंवा ओळखीच्या कोणाकडे गाडी असेल तर निःसंकोच गळ घालावी. जायच्या आधी दुकानाच्या इंटरनेटवरच्या नोंदीत घड्याळ विभाग आहे की नाही, हेही पाहून घ्यावे, कारण एकाच नावाच्या दोन शाखांत अगदी वेगळा माल असतो.

आता मुख्य तक्रार. सौर घड्याळाच्या तबकडीखाली प्रकाशापासून वीज तयार करणारे पटल असते आणि ते आतला पुन्हा चार्ज होणारा छोटा सेल भरत राहतो. दुकानाच्या काचेच्या कपाटात दिवसभर दिवे लागलेले असतात. त्यामुळे सेल जवळजवळ मेलेला असला तरी घड्याळ कपाटात टकटक चालत राहते, आणि पाटीवर ‘चालू स्थितीत’ असे लिहिणाऱ्या दुकानदाराला खोटे बोलल्याचे पापही लागत नाही. पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागातल्या एका दुकानाने मला याच पद्धतीने अटेसा विकले. पाटीवर ‘सेल नवा’ असे लिहिले होते, किंमत चोवीस हजार येन, वर करमाफीच्या कागदपत्रांसाठी वेगळे शुल्क. रात्रभर बॅगेत ठेवल्यावर ते बंद पडले. परत नेले, तर विक्रेत्याने ते दिव्याखाली धरले, सेकंदकाटा हलताच ‘पाहा, चालते आहे’ असे नम्रपणे वाकून सांगितले आणि विषय संपवला. तेच मॉडेल सागामिहारा शहरातल्या, त्या महामार्गाच्या कडेच्या दुकानात अकरा हजारांना होते, आणि तिथल्या पाटीवर ‘सेल क्षीण, प्रकाशात चालते’ असे स्पष्ट लिहिले होते. माझ्या लेखी महामार्गाची ती सगळी पायपीट या एका पाटीने वसूल झाली.

म्हणून दुकानात पाहायच्या गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. घड्याळ कपाटातून काढून हातात मागावे आणि सेकंदकाट्याकडे मिनिटभर पाहावे. काटा एकेक सेकंद न सरकता दोन सेकंद थांबून एकदम दोन घरे उडी मारत असेल, तर घड्याळ उपाशी असल्याचे ते स्वतःच सांगते आहे. याचा अर्थ सेल गेलाच असे नाही, ते अंधाऱ्या खणात पडून राहिलेले असू शकते. पण दिव्याखालच्या कपाटातले घड्याळ अशी उडी मारत असेल, तर ते खाली ठेवावे. कॅसिओच्या पुष्कळ डिजिटल मॉडेल्सवर सेलची पातळी इंग्रजी एच, एम, एल या अक्षरांत दिसते, ती एच असावी. पाटीवर मनगटाचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो. आधीच्या मालकाने पट्ट्याच्या कड्या काढून फेकलेल्या असतात आणि टिटॅनियमच्या सुट्या कड्या नंतर शोधणे हा वेगळाच वनवास आहे, त्यामुळे सोळा सेंटिमीटरचे घड्याळ अठराच्या मनगटासाठी कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ‘जंक’ लिहिलेल्या टोपलीतला माल परत घेतला जात नाही. तिथे हजार येनांच्या वर जाऊ नये.

खरी परीक्षा हॉटेलच्या खोलीत होते, आणि म्हणूनच सगळी खरेदी प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात उरकावी. दुकानांची सुरुवातीच्या दोषांसाठीची हमी अनेकदा काही दिवसांचीच असते, ती मुदत पावतीवर पाहून ठेवावी. पहिल्या दिवशी घड्याळाला खिडकीपाशी भरपूर उजेड द्यावा, पण मोटारीच्या काचेमागे किंवा हॅलोजनच्या दिव्याखाली अगदी जवळ ठेवू नये, कारण उष्णतेने सेल खराब होतो. मग ते मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकावे आणि पूर्ण दोन रात्री व मधला दिवस बाहेर काढू नये. काढल्यावर सेकंदकाटा बारावर थांबलेला दिसला किंवा डिजिटल पडदा कोरा दिसला तर घाबरू नये, बरीच मॉडेल्स अंधारात वीज वाचवण्यासाठी झोपतात. उजेडात आणताच काटा गरगर फिरून अचूक वेळेवर आला, तर सेल ठणठणीत आहे. वेळ हरवली असेल, तर पावती घेऊन सकाळीच दुकान गाठावे.

पाठीवर ‘रेडिओ लहरी’ असे मिरवणाऱ्या घड्याळांसाठी जास्त पैसे मोजण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. जपानमध्ये वेळेचा संदेश दोन डोंगरांवरून प्रसारित होतो : फुकुशिमातल्या ओताकादोया डोंगरावरून १९९९ पासून ४० किलोहर्ट्झवर आणि क्युशूतल्या हागाने डोंगरावरून २००१ पासून ६० किलोहर्ट्झवर. भारतात अशी प्रसारणाची सोयच नाही. टोकियोत रोज पहाटे स्वतःला सेकंदापर्यंत जुळवून घेणारे हे घड्याळ पुण्यात आल्यावर साधे क्वार्ट्झ घड्याळ होते आणि महिन्याला दहा-पंधरा सेकंदांची चूक करू शकते. त्यातही निव्वळ जपानसाठी बनवलेल्या काही मॉडेल्समध्ये वेळेतला फरक पूर्ण तासांतच बदलता येतो. आपण जपानच्या साडेतीन तास मागे आहोत, तेव्हा तो अर्धा तास हाताने काटे फिरवूनच साधावा लागतो. घड्याळातल्या शहरांच्या यादीत दिल्ली असलेले मॉडेल निवडावे. भारतात आपोआप अचूक वेळ हवीच असेल, तर उपग्रहाकडून वेळ घेणारी घड्याळे पाहावीत. सेइकोचे पहिले जीपीएस सौर अ‍ॅस्ट्रॉन २०१२ साली आले आणि ते आपली अर्ध्या तासाची वेळही ओळखते, पण ते जाडजूड आहे आणि जुने असूनही या लेखाच्या खिशात बसत नाही.

सिटिझनने प्रकाशावर चालणारे काट्यांचे पहिले घड्याळ १९७६ मध्ये काढले. त्या काळातले एखादे कुठे सापडलेच, तर ते संग्रहालयाला शोभेल. त्याचे सुटे भाग मिळवण्यात जन्म जाईल. रोज वापरण्यासाठी २००५ नंतरचेच घ्यावे. सेल बदलायची वेळ आली, तर सिटिझनच्या अनेक यंत्रांत एमटी६२१ जातीचा, पुन्हा चार्ज होणारा सेल लागतो, तो नेमका मागवून बसवणारा कारागीरच गाठावा. तिथे नेहमीचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल बसवून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला तिथल्या तिथे थांबवावे, कारण तो सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो. उजेडात त्यात वीज भरत गेली की तो गळतो आणि आतले यंत्र खातो. परतताना सगळ्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. एकाच पिशवीत ओळीने घड्याळे दिसली की मुंबईच्या विमानतळावर ती विक्रीसाठी आणली आहेत का, असा प्रश्न येऊ शकतो, आणि अकरा हजार येनांची जपानी पावती अधिकाऱ्यासमोर ठेवणे हे त्याचे सर्वांत छोटे उत्तर आहे.