यशवंतरावांना मारलेली थाप

१२ डिसेंबर

पहाटे साडेचारला जाग आली तेव्हा हाताला संत्र्याचा वास होता. रात्री जेवणानंतर एक सोललं होतं, त्याचाच. पण स्वप्नात ते संत्रं यशवंतराव चव्हाणांनी सोललं होतं.

आमच्या नागपुरात, झिरो माईलच्या घोड्यांच्या पुतळ्यांपाशी बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर रुमाल, रुमालावर साली. पोलीस नाही, पीए नाही, गाड्यांचा ताफा नाही. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर इतका मोकळा रस्ता! तिथंच ओळखायला हवं होतं.

हे डोक्यात कुठून शिरलं ते उघड आहे. काल मोर्च्यात पाऊण तास अडकलो. बॅरिकेडला टेकून शेजारच्या स्कूटरवाल्याला नागपूर करार ऐकवत होतो. विदर्भासकट सगळा मराठी मुलूख एका राज्यात आणण्यासाठीचा २८ सप्टेंबर १९५३ चा करार; वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ते त्यातच ठरलं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं, ते राहूनच गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मुख्यमंत्री यशवंतराव, वय ४३. आणि १८६१ पासून आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या आमच्या गावाचा तो मान संपला. स्कूटरवाला म्हणाला, "भाऊ, गाडी पुढं घ्या."

आईचे वडील तेव्हा इथल्या सचिवालयात कारकून होते. फायलींबरोबर तेही मुंबईला गेले. आजी दोन लेकरं घेऊन इथंच, महाल भागात राहिली. आजोबांनी कधी कुणाला दोष दिला नाही. पण "राजधानी गेली" एवढंच म्हणायचे, ते असं की घरातलंच कुणी गेलं. मग आजी न बोलता चहा टाकायला उठायची.

तर स्वप्नात माझ्यापुढं संधी बसली होती. करारातली कलमं, नोकऱ्या, अनुशेष, सगळं जिभेवर तयार. आणि मी काय केलं? चपला काढल्या. भर रस्त्यात!

त्यांनी अर्धं संत्रं पुढं केलं आणि आजोबांची चौकशी केली, मुंबईत कसं काय गेलं त्यांचं म्हणून. मी म्हणालो, "मजेत होते साहेब. एकदम मजेत." वर आणखी, "तुमची नेहमी आठवण काढायचे." त्यांनी मान डोलावली. फोडीत बी आली ती मी गिळून टाकली, त्यांच्यासमोर थुंकायची कशी?

जाग आल्यावर तेच डाचत राहिलं. ऑफिसात साहेबांपुढं माझं असंच होतं, लग्नात आमदार भेटला तरी असंच. बॅरिकेडपाशी तेवढा आवाज चढतो. निदान झोपेत तरी माणसानं खरं बोलावं की नाही?

चहाच्या वेळी आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "पहाटेचं होतं का? मग खरं होते."

"आई, ते १९८४ लाच गेले."

तिला त्याचं काही नाही. मग थापेचं सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"थाप कायची रे? मजेतच होते ते तिथं. गिरगावात चौघांत मिळून खोली, शनिवारी नाटक, रविवारी चौपाटी. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री होऊन गेले ना, त्याच साली यांची इकडं बदली झाली. तोंड एवढंसं झालं होतं, मले आठवते."

"आणि ते राजधानी गेली, राजधानी गेली?"

"ते तुझ्या आजीसाठी. तिनं सहा वर्षं एकटीनं काढली होती बाप्पा. ती समोर असली की म्हणायचे."

आता तेच आठवून पाहतोय. आजी घरात नसताना त्यांच्या तोंडून ते एकदा तरी ऐकलं होतं का? एकही प्रसंग सापडत नाही. बसायची ती नेहमी त्याच दाराशी, तांदूळ निवडत.

साडेनऊ झाले. आज दोन मोर्चे आहेत म्हणतात. सिव्हिल लाइन्स टाळून जावं लागेल.